झुंबरातले दिवे आणि नेसरीची खिंड

2022 सालच्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. एका ऐतिहासिक चित्रपटाची छोटी झलक लोकांसमोर आली. चित्रपटाचे नाव ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. हे नाव कुसुमाग्रजांच्या सर्वतोमुखी झालेल्या कवितेवरून घेतलेले, दिग्दर्शक महेश मांजरेकर आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार. महाराज चालत येत आहेत, मागे भव्य दालन आहे, वर झुंबर लटकते आहे. आणि त्या झुंबरात चक्क विजेचे दिवे लागलेले! झाले. ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर ते चित्र फिरू लागले. एडिसनचा दिवा 1879 चा आणि महाराज कैलासवासी झाले 1680 साली, म्हणजे मध्ये दोनशे वर्षे गेली, असा हिशेब शाळकरी पोरांनीही मांडला आणि महाराष्ट्र पोट धरून हसला.

मीही हसलो. पण हसता हसता मनात आले की ज्या प्रसंगावर हा चित्रपट निघाला तो प्रसंग तर आपल्या अंगणातला. चंदगडहून गडहिंग्लजच्या वाटेला लागले की नेसरी लागते आणि नेसरीजवळ कानडेवाडीच्या हद्दीत ती खिंड. सरनोबत प्रतापराव गुजर 24 फेब्रुवारी 1674 रोजी तिथेच पडले. आज तिथे स्मारक आहे. झुंबरातला दिवा आपल्याला लगेच दिसला हे चांगलेच झाले, पण या प्रसंगाबद्दल दुसरी एखादी चूक कोणी केली असती तर ती आपल्याला दिसली असती का? आज याच गोष्टीवर चार शब्द बोलावयाचे आहेत.

पडद्यावरच्या चुका दोन जातींच्या असतात. एक सलगतेची चूक. सरदाराच्या उजव्या गालावर जखम आहे, पुढच्या क्षणाला ती डाव्या गालावर. कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्यावर स्वार बसला, ओढा ओलांडून पलीकडे गेला तो पट्टा नाहीसा. हे होते याचे कारण साधे आहे. जो प्रसंग आपण सलग पाहतो तो कित्येकदा पंधरा दिवस, तुकड्यातुकड्यांनी, पुढचा भाग आधी आणि मागचा नंतर असा चित्रित केलेला असतो. वस्त्रे, जखमा, दागिने यांची नोंद ठेवणारा माणूस जरा डुलकीला गेला की घोटाळा होतो. अशा चुकांनी कोणाचे नुकसान होत नाही. गावाकडच्या नाटकात भीमाची गदा मोडते आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी जात काळाच्या चुकीची. जी वस्तू त्या काळी नव्हतीच ती तिथे दिसते. या चुका धरण्यात आपण खेडुत मंडळी शहरवाल्यांपेक्षा हुशार ठरावे, असे मला वाटते. कारण झाडझाडोरा, गवत, जनावरे आणि पाऊसपाणी यांची ओळख आपल्याला आहे. बघा, लढाईच्या मैदानात घोडे दौडत आहेत आणि त्यांच्या टापांखाली पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत तुडवले जात आहे. हे गवत आपल्या देशात पुण्याच्या बाजूला नोंदले गेले ते 1950 च्या दशकात! मावळ्यांच्या मागे लालभडक गुलमोहोर फुललेला आहे. तो मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. टणटणीची, म्हणजे घाणेरीची, झुडपेही त्याच शतकातली पाहुणी. आणि घरांवरची चपटी, एकसारखी, तांबडी कौले? ती मंगळुरी कौले. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी त्यांचा कारखाना काढला 1865 साली. शिवकाळातल्या गरिबाच्या घरावर गवताचे छप्पर किंवा कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले असावयाची.

आता पाऊस. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून निसटले ती रात्र 12 जुलै 1660 ची, आषाढी पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट रोखून धरली. आषाढातला पाऊस म्हणजे काय हे चंदगड-आजऱ्याच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो, जळवा चिकटतात, ओढे फुगलेले असतात, इरले पाठीवर घेऊनच माणूस दाराबाहेर पडतो. पालखी खांद्यावर घेऊन त्या चिखलातून रात्रभर धावणे हे त्या पराक्रमाचे अर्धे मोल आहे. पडद्यावर तीच धाव कोरड्या, धूळ उडणाऱ्या माळावर दाखवली की तारीख बरोबर असूनही घटना चुकते. पौर्णिमा होती म्हणून टपोरे चांदणे दाखवावे, तर आषाढातल्या ढगांआडून ते कितीसे गळणार?

चंद्राचेही तसेच. सिंहगड घेतला ती तिथी माघ वद्य नवमी, इंग्रजी तारीख 4 फेब्रुवारी 1670. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि तोही अर्धाच. म्हणून कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या डोक्यावर पूर्ण वाटोळा चंद्र कुठे दिसला, तर तो चुकीचा समजावा. शिक्षकबंधूंना माझी सूचना आहे की इतिहासाच्या तासाला पंचांग जवळ ठेवावे. सनावळी पाठ करून कंटाळलेली मुले तिथीवरून चंद्राची कोर काढावयास सांगितली की ताजीतवानी होतात.

आणखी एक ठळक चूक म्हणजे बिरुदांची. 1659 साली, 1666 साली, पडद्यावर जो तो महाराजांना ‘छत्रपती’ म्हणून मुजरा करतो. छत्र धरले गेले 6 जून 1674 रोजी, रायगडावर. प्रतापराव पडले त्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर राज्याभिषेक झाला. म्हणजे प्रतापरावांना महाराज सिंहासनावर बसून बोल लावीत आहेत असे दृश्य कुठे असेल, तर झुंबरातल्या दिव्याइतकीच ती चूक आहे. मात्र तिला कोणी हसत नाही. बोलण्याचीही गंमत पाहा. मालिकांतले सरदार अगदी संस्कृत वळणाचे शुद्ध मराठी बोलतात. वस्तुतः त्या वेळच्या पत्रांत फारशी शब्दांची इतकी रेलचेल होती की महाराजांना राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश मुद्दाम तयार करवून घ्यावा लागला. तेव्हा प्रतापरावाच्या तोंडी ‘लष्कर’, ‘फौज’, ‘हुकूम’ हेच शब्द शोभतात.

दिव्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोल्हापूरची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. 1923 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ नावाचा मूकपट काढला. तोवर आपल्याकडे चित्रे घ्यावयाची ती सूर्यप्रकाशात. रात्रीचा हल्ला दिवसाउजेडी कसा दाखवणार? तेव्हा बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला आणि रात्रीची दृश्ये साधली. म्हणजे विजेचा दिवा शिवकाळात गेला तो 1923 सालीच, पण बाबूरावांनी तो चौकटीच्या बाहेर ठेवला. आत दिसला तो त्याचा उजेड. शंभर वर्षांनी दिवा चौकटीच्या आत लटकला, एवढाच फरक! त्या चित्रपटाला मुंबईत लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर बसवण्याची कल्पना सुचली, असे सांगतात.

बाबूरावांच्या या ‘सिंहगडा’ची कथा हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या 1903 च्या कादंबरीवरून घेतलेली होती. इथे मला माझी स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे. कित्येक वर्षे मी वर्गात सांगत आलो की कोंढाण्याचे नाव तानाजींच्या मरणानंतर, त्यांच्या गौरवार्थ सिंहगड झाले. कादंबरीचे नाव तसे, लहानपणी ऐकलेली गोष्ट तशी, पडद्यावरही तेच. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ‘सिंहगड हे नाव आधीपासून होते’ असे लिहिले तेव्हा मी तांबड्या शाईने त्याचा एक गुण कापला. पुढे वाचनात आले की 3 एप्रिल 1663 च्या पत्रात महाराजांनी मोरोपंत आणि निळोपंत यांना लिहिताना त्या किल्ल्याला सिंहगडच म्हटले आहे. म्हणजे तानाजी पडण्यापूर्वी सात वर्षे हे नाव चालू होते. तो मुलगा तोवर शाळा सोडून पुण्याला कामाला गेला होता. कापलेला गुण परत देण्याची सोय कुठल्याच खात्याच्या नियमात नाही.

तानाजींशी आपल्या तालुक्याचे नाते आहे, म्हणून हे जास्तच लागते. चंदगड तालुक्यातला पारगड महाराजांनी राज्याभिषेकानंतर वसवला आणि त्याचे किल्लेदार म्हणून तानाजींचे पुत्र रायबा यांना नेमले, अशी परंपरा आहे. मालुसऱ्यांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या त्या गडावर राहिले. ज्याच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन तानाजी राजांकडे गेले म्हणतात तोच हा रायबा. आता या लग्नाची गोष्ट आली कुठून? कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यात सिंहगडाचा प्रसंग आहे, पण लग्न नाही आणि घोरपडही नाही. निवडक मावळे वानरासारखे कड्यावर चढले, त्यांनी दोर-शिडीची सोय केली आणि मग तीनशे माणूस वर आले, असे सभासद सांगतो. लग्न आणि यशवंती घोरपड आपल्याला दिली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने. पोवाडा खोटा म्हणून टाकून द्यावा असे मी मुळीच म्हणत नाही. जत्रेत, ढोलकीच्या तालावर, रात्र जागवावयाची तर घोरपड हवीच. पण पोवाडा कोणता आणि बखर कोणती, हे ऐकणाराला ठाऊक असावे. 2020 सालच्या ‘तान्हाजी’ चित्रपटाने तर दोन्ही मागे टाकली. त्यात ‘नागीण’ नावाची एक अजस्र तोफ कोंढाण्यावर चढवली जाते आणि सारी कथा तिच्याभोवती फिरते. बखरीत अशी तोफ नाही. उलट सभासदाने दिलेला एक तपशील इतका सुंदर आहे की कुठल्याही दिग्दर्शकाने तो सोडू नये. गड हाती आल्याची खूण म्हणून मावळ्यांनी पागेची छपरे पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. झुंबर नको, तोफ नको. पलीकडच्या डोंगरावर पेटलेली पागा आणि अलीकडे अंधारात उभा असलेला राजा, एवढे पुरे होते.

आता नेसरीकडे येतो. हा प्रसंग थोडा सावकाश पाहावयास हवा.

प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी गुजर. 1673 च्या एप्रिलमध्ये उमराणीजवळ त्यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडीत धरले. खान गयावया करू लागला तेव्हा प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. महाराजांना हे मुळीच रुचले नाही. पुढे खान पुन्हा मुलखात धुमाकूळ घालू लागला तेव्हा त्याला गाठून बुडवा, नाहीतर तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप त्यांनी धाडला, असे सभासद लिहितो. मग माघ वद्य चतुर्दशीला, शिवरात्रीच्या दिवशी, नेसरीला गाठ पडली, मोठे युद्ध झाले आणि प्रतापराव तलवारीने पडले. सभासदाची हकीकत इथे संपते. त्यात सात हा आकडा नाही.

ही गोष्ट ऐकली की काही शहाणे लगेच म्हणतात, बघा, सात वीर ही कवीची कल्पना! हेही तितकेच चुकीचे, कारण सातांचा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो बखरीपेक्षा जुना आहे. इंग्रज कंपनीचा दुभाष्या नारायण शेणवी त्या वेळी कंपनीच्या कामासाठी रायगडाकडे गेला होता. त्याने 4 एप्रिल 1674 ला मुंबईला कळवलेली बातमी अशी की प्रतापराव आणि त्यांच्याबरोबर आणखी सहा स्वार दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत मारले गेले, आणि बाकीच्या फौजेची त्यांना मदत झाली नाही. घटनेला अजून सहा आठवडेही झाले नव्हते. एक आणि सहा, सात! म्हणजे कवितेने ज्या आकड्याला अमर केले तो आकडा इंग्रजांच्या दप्तरात, आपल्याच एका शेणव्याच्या तोंडून, नोंदला गेला आहे.

पण शिक्षकबंधूंनो, ती ओळ पुन्हा वाचा. बाकीच्या फौजेची मदत झाली नाही. पडद्यावर आणि आपल्या मनात चित्र असते ते असे की सात जणांनी ठरवून, मागे फौज नसता, हजारोंवर उडी घेतली. शेणव्याची बातमी वेगळेच सुचवते. फौज होती, पण त्या क्षणी पोचली नाही किंवा पोचू शकली नाही. सेनापती पुढे निघून गेला आणि अरुंद वाटेत अडकला. राजाचा बोल मनाला लागलेला माणूस सैन्याची वाट न पाहता घोडा पुढे घालतो, हे तर समजण्यासारखे आहे. हा माणूस वेडा नव्हे. दहा महिने एक सल उरात घेऊन फिरणारा माणूस होता. एखाद्या मालिकेने हे दहा महिने दाखवले तर मी तिच्यातले गाजर गवत माफ करीन.

सहा जणांची नावे म्हणून विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे अशी यादी सांगितली जाते. मुले ती धडाधड म्हणून दाखवतात. ही नावे शेणव्याच्या पत्रात नाहीत आणि सभासदाच्या हकीकतीतही नाहीत. यांतला सिद्दी हिलाल हा खराखुरा, इतिहासाला माहीत असलेला माणूस. पन्हाळ्याचा वेढा मोडण्यासाठी 1660 साली तो आणि त्याचा पुत्र वाहवाह लढले होते. पण ‘हा माणूस होऊन गेला’ आणि ‘हा माणूस त्या दिवशी त्या खिंडीत पडला’ ही दोन विधाने आहेत, आणि दुसऱ्यासाठी वेगळा पुरावा लागतो. 2022 च्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या संभाजीराजे छत्रपतींनी या आणि दुसऱ्या एका चित्रपटातील इतिहासाच्या मांडणीला हरकत घेतली तेव्हा मोठा गदारोळ उठला. चित्रपटात कोणती नावे घालावीत यावर चावडीचावडीवर तावातावाने बोलले गेले. त्या चर्चेत शेणव्याच्या पत्राचे नाव काढणारा माणूस मला आमच्या चावडीवर तरी भेटला नाही.

पुढचे थोडक्यात. सेनापती पडला तरी फौज उधळली नाही. आनंदरावाने ती सांभाळली आणि महिनाभरात आदिलशाही मुलखात संपगावापर्यंत मुसंडी मारली. सरनोबतपद हंबीरराव मोहित्यांकडे आले. महाराजांनी प्रतापरावांच्या मुलीला राजारामांसाठी सून करून घेतले. बोल लावणाऱ्या राजाने मागाहून काय केले, हेही पडद्यावर क्वचितच येते.

आमच्या शाळेत त्या झुंबराच्या प्रकरणापासून मुलांनी एक वही घातली आहे. घरी मालिका किंवा चित्रपट पाहताना जी चूक दिसेल ती तीत लिहावयाची, आणि चूक आहे हे कशावरून, तेही लिहावयाचे. दुसरा रकाना रिकामा असेल तर नोंद धरावयाची नाही. पहिल्या महिन्यात पाने भराभर भरली. निलगिरीची झाडे, प्लॅस्टिकचा दोर, लढाई संपल्यावरही परीटघडीचे राहिलेले अंगरखे, एकदा बार काढून लगेच दुसरा बार काढणारी तोड्याची बंदूक. दुसऱ्या महिन्यात दम लागला, कारण कशावरून याचे उत्तर शोधावयाला पुस्तके चाळावी लागली. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन खिंडीत गेलो. दोन डोंगरांमधली वाट किती रुंद आहे ती त्यांनी पावलांनी मोजली. आजच्या सडकेने ती किती रुंदावली असेल यावर त्यांची भांडणे झाली, आणि मग एका वेळी किती घोडे शेजारी शेजारी जातील हे पाहावयाला सात मुले हात पसरून ओळीत उभी राहिली.

वहीतली सर्वांत अलीकडची नोंद सातवीतल्या एका मुलीची आहे. ती कुठल्या मालिकेवर नाही. आमच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकावर आहे, आणि ते नाटक मी बसवले होते. पहिल्या रकान्यात तिने लिहिले आहे, ‘प्रतापरावांच्या पायात शाळेचे काळे बूट होते. बहलोलखानाच्या पण.’ दुसऱ्या रकान्यात, कशावरून याच्यापुढे, ‘मी पडदा ओढायला होते.’